पाऊस सारखा, पाणी वेगळे

भातकुलीच्या नावात भात आहे, शिवारात मात्र भात नाही. अमरावतीपासून पश्चिमेला पंधरा-सोळा किलोमीटरवरचे हे तालुक्याचे गाव पऱ्हाटी, तूर, मूग, सोयाबीन आणि हिवाळ्यातल्या हरभऱ्याचे. नावाचा उगम भाताशी नसून भोजकट या प्राचीन नगराशी जोडला जातो. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याने वसवलेले ते हे भोजकट, असे परंपरा सांगते. म. म. वा. वि. मिराशी यांनीही भोजकटाची ओळख भातकुलीशी जुळवली. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक ताम्रपटात भोजकट राज्याचा उल्लेख येतो. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी एका राज्याला नाव देण्याइतके हे ठिकाण महत्त्वाचे होते. जिथे विहीर खणली तर खारे पाणी लागते, अशा मुलखात हे कसे घडले असावे, या कुतूहलातून मी वऱ्हाडच्या पावसाच्या जुन्या नोंदींकडे वळलो. त्या वाचताना एक गोष्ट लक्षात आली. महाराष्ट्राच्या प्रदेशांची तुलना आपण पावसाच्या आकड्यांनी करतो, आणि त्या आकड्यांत भातकुलीसारखी गावे दिसेनाशी होतात.

आधी आकडेच पाहू. हवामान खाते महाराष्ट्राचे चार उपविभाग करते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोकण-गोव्यात सरासरी सुमारे २,९०० मिलिमीटर, मध्य महाराष्ट्रात सुमारे ७५०, मराठवाड्यात सुमारे ६४० आणि विदर्भात सुमारे ९४० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामागची कारणे शाळेच्या भूगोलात येऊन गेलेली आहेत. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला अडतात, घाटमाथ्यावर रिते होतात आणि पूर्वेला उतरताना कोरडे पडतात. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि तिथून घाट उतरून तीसेक किलोमीटरवर आलेल्या वाईत त्याचा आठवा हिस्सा! पुढे पूर्वेकडे गेले की बंगालच्या उपसागरात उठणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा पाऊस सुरू होतो आणि गोंदिया-गडचिरोलीकडे आकडा पुन्हा चढतो. वऱ्हाड या दोन्ही पावसांच्या मध्ये आहे. पश्चिमेचा पाऊस इथे पोचेपर्यंत थकतो, आणि पूर्वेचा कधी पोचतो, कधी नागपूरपाशीच विरतो.

विदर्भाची ९४० मिलिमीटरची सरासरी ऐकायला समाधानकारक वाटते. पण त्यात तेराशेच्या आसपासची गडचिरोली आहे आणि सातशेच्या आतला बुलढाणाही आहे. हे दोन जिल्हे एका आकड्यात कसे आले, याचे उत्तर आभाळात नाही, राज्यकारभाराच्या इतिहासात आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. तेव्हापासून त्याचा हिशेब वेगळा ठेवला जाई. ए. सी. लायल यांनी संपादित केलेल्या १८७० च्या वऱ्हाड गॅझेटियरमध्ये मुलखाची जुनी विभागणी दिसते: उत्तरेला सातपुड्याचा मेळघाट, मधे पूर्णेच्या खोऱ्याचा सखल पायनघाट, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेवरचा बालाघाट. ही विभागणी उंची, माती आणि पाणी पाहून झालेली होती. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला, तरी हवामान खात्याच्या पुढच्या काळातल्या तक्त्यांत ‘बेरार’ हा पावसाचा स्वतंत्र विभाग होता. मध्य प्रांताचे पूर्व आणि पश्चिम असे विभाग त्याच्या शेजारी वेगळे छापले जात. राज्य पुनर्रचनेनंतर वऱ्हाड आणि नागपूरकडचे जिल्हे मिळून विदर्भ हा एकच विभाग झाला. राजकीय नकाशावर ते स्वाभाविक होते. पावसाच्या तक्त्यातून मात्र वऱ्हाडची ओळ निघून गेली.

आता दुसरी तुलना करू. पुणे शहरात वर्षाकाठी साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. भातकुलीच्या शिवारातही सातशे ते आठशे. म्हणजे केवळ आकडा पाहिला तर भातकुलीने पुण्याचा हेवा करावा असे काही नाही. पण पुणे स्वतःच्या पावसावर जगत नाही. पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांवर पडणारा घाटमाथ्याचा पाऊस खडकवासल्यातून शहरात येतो. शिवाय पुण्याच्या परिसरात जमिनीत मुरलेला पाऊस विहिरीतून गोडा होऊन परत मिळतो. भातकुलीत तसे होत नाही.

भातकुली खारपाणपट्ट्यात येते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा पट्टा नऊशेच्या आसपास गावांचा आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर ही त्यातली ओळखीची नावे. इथे नदीने आणलेल्या गाळाचे खोल थर आहेत. माती काळी, चिकण, सोडियमचे प्रमाण अधिक असलेली. पाणी तिच्यातून सहज खाली झिरपत नाही, आणि जे खाली आहे ते खारे. पूर्णाकाठच्या काही गावांत विहिरींच्या पाण्यापासून एके काळी मीठ काढले जाई. दहीहांड्याचे नाव त्यासाठी प्रसिद्ध होते. इंग्रजी अमलात तो धंदा बंद पडला. अशा पाण्याने ओलीत केले तर दोन-चार हंगामांत जमीन आणखी कडक होते. पिण्यासाठी वर्षानुवर्षे हेच पाणी वापरणाऱ्या गावांतून मूतखड्याची आणि किडनीच्या विकारांची तक्रार जुनीच आहे.

याचा अर्थ असा की भातकुलीच्या शेतकऱ्याला पाऊस एकदाच मिळतो. बालाघाटावर किंवा देशावर जुलैचा पाऊस फेब्रुवारीत विहिरीतून पुन्हा भेटतो. इथे तो मातीच्या वरच्या थरात जितका ओलावा ठेवून जाईल तितकाच आपला. म्हणून या भागात काही वावरे पावसाळाभर पड ठेवून नुसती वखरून काढायची आणि त्या ओलीवर हिवाळ्यात हरभरा घ्यायचा, ही रीत रुजली. बाहेरच्या माणसाला ती जमीन आळसाने पडीक टाकल्यासारखी वाटते. खरे तर ते शेतातच बांधलेले धरण आहे.

महाराष्ट्राच्या प्रत्येक प्रदेशाने आपल्या पावसाला असे स्वतःचे उत्तर दिलेले आहे. कोकणात उतारावर बांध घालून भाताची खाचरे झाली, तरी कातळावरच्या वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते, कारण तिथला पाऊस जितक्या वेगाने येतो तितक्याच वेगाने समुद्राकडे निघून जातो. खानदेशात पांझरा-मोसमच्या काठी बंधारे आणि पाटांची फड पद्धत उभी राहिली. झाडीपट्टीत कोहळी समाजाच्या कौशल्यातून हजारो तलाव बांधले गेले. आज आपण त्यांना मालगुजारी तलाव म्हणतो. खारपाणपट्ट्यात विहीर निरुपयोगी आणि जमीन सपाट, तेव्हा नदीच्या वाळूतले झिरे, गोड्या पाण्याची एखादी जागा आणि मातीतली ओल, एवढेच हाती राहिले. नदीकाठची गावे त्यामुळे टिकली. भोजकटाच्या वैभवाचा विचार करतानाही पूर्णा आणि पेढी या नद्यांचा विचार आधी करावा लागतो, असे मला वाटते.

दुष्काळांच्या इतिहासातही हेच दिसते. १८७६-७७ मध्ये दख्खन होरपळली तेव्हा वऱ्हाडला त्या मानाने कमी झळ बसली. १८६० च्या दशकात आलेली रेल्वे आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वाढलेला कापसाचा भाव यांमुळे हा मुलूख सधन मानला जाऊ लागला होता. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ आले. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांवर लिहिलेल्या ग्रंथात हे संकट केवळ पावसाचे नसून बदललेल्या शेतीव्यवस्थेचेही होते, असे दाखवले आहे. पावसाची सरासरी सुरक्षित असली म्हणजे माणसे सुरक्षित असतात, हा समज तेव्हाच मोडायला हवा होता.

तो मोडला नाही, म्हणून हा विषय केवळ इतिहासाचा उरत नाही. महसुली नियमात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. घाटमाथ्यावर एवढा पाऊस रोजचा. भातकुलीच्या चिकण मातीत मात्र ४०-५० मिलिमीटर पाऊस तीन-चार दिवस लागून राहिला, तरी पाणी वावरात तुंबते आणि पऱ्हाटी पिवळी पडते. मापकाच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ हीही नैसर्गिक आपत्ती मानण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला, ही या संदर्भात महत्त्वाची गोष्ट आहे. उलट बाजूने, ऑगस्टमध्ये तीन आठवडे उघाड पडली आणि सप्टेंबरच्या अखेरीस दोन मोठे पाऊस झाले, तर तालुक्याची सरासरी भरते आणि मूग-उडीद गेलेला असतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. तेही पूर्णेचेच खोरे. घटात मातीची चार ढेकळे ठेवतात, ती पावसाळ्याच्या चार महिन्यांची. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची ओल पाहून भाकीत सांगतात. भाकितावर विश्वास ठेवावा असे मी म्हणणार नाही. पण त्यातला प्रश्न नेमका आहे. यंदा एकूण किती पडेल हे तिथे कोणी विचारत नाही. कोणत्या महिन्यात किती, आणि ढेकळात ओल किती राहिली, हे विचारतात. मृग, आर्द्रा, मघा, हस्त अशी नक्षत्रवार पावसाची बोली करणारा शेतकरीही सरासरीची भाषा बोलत नाही.

खारपाणपट्ट्यातली बरीच गावे आज सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांचे पाणी नळाने पितात. अकराशे मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यात भातकुलीच्या दुपटीच्या घरात पाऊस पडतो; त्या रांगेचे पाणी शहानूरसारख्या धरणांतून खाली येते. पुण्याने जे घाटमाथ्याकडून घेतले तेच पायनघाटाने उशिरा मेळघाटाकडून घेतले. शेतीसाठी मात्र अजून मुख्य भिस्त पडणाऱ्या थेंबावरच आहे. जी माती पाणी खाली जाऊ देत नाही ती शेततळ्यात पाणी धरूनही ठेवते, हा तिचा गुण या पट्ट्यात आता कामी येत आहे. निंभ्याजवळचा निम्न पेढी प्रकल्प याच तालुक्यातला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात या जमिनींवर संशोधन होत आले आहे.

प्रदेशांची तुलना थांबवावी असे मला सुचवायचे नाही. अनुशेष असो, पीकविमा असो की दुष्काळाची घोषणा, तुलना करावीच लागते. पण किती पडला, या एका रकान्याशेजारी केव्हा पडला आणि कुठे गेला, हे आणखी दोन रकाने हवेत. १८७० च्या गॅझेटियरने पायनघाट वेगळा ओळखला होता. आता महसूल मंडळापर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक पोचले असताना तो पुन्हा ओळखणे अवघड नाही. भातकुलीला जास्त पाऊस नको आहे. पडलेल्या पावसाचा हिशेब तिच्या मातीप्रमाणे व्हावा, एवढेच तिचे मागणे आहे.