विद्युत् दुचाकी : घटमालांच्या आगी व गृहसुरक्षा

विद्युत् घटमालेवर चालणाऱ्या सायकली व स्कूटर यांच्या घटमाला घरात भारित (चार्ज) करताना किंवा नुसत्या ठेवलेल्या असताना कधीकधी पेट घेतात. पेट्रोलची टाकी घरात कोणी आणीत नाही. सुटी होणारी घटमाला मात्र रोज घरात आणली जाते व बहुधा रात्री, माणसे झोपलेली असताना, भारित केली जाते. या आगींचे वेगळेपण यात आहे.

आगीचे स्वरूप : लिथियम-आयन घटात ग्रॅफाइटाचे ऋणाग्र, धातूच्या ऑक्साइडाचे धनाग्र, त्यांमध्ये बहुवारिकाचा पातळ सच्छिद्र पडदा आणि ज्वलनशील कार्बनी विद्युत् विच्छेद्य असते. आघात, निर्मितीतील दोष, अतिभारण किंवा पाणी शिरणे यांमुळे घटात मंडलसंक्षेप (शॉर्ट सर्किट) झाल्यास उष्णता वाढते, उष्णतेने रासायनिक विक्रियांचा वेग वाढतो आणि त्यांतून आणखी उष्णता निर्माण होते. एका घटाचे तापन शेजारच्या घटांत पसरते. ज्वलनशील व विषारी वायू बाहेर पडतात. अनेक प्रकारच्या धनाग्रांतून ऑक्सिजनही मुक्त होत असल्याने केवळ हवा तोडून अशी आग विझत नाही. भरपूर पाण्याने घट थंड करावे लागतात. विझल्यासारखी दिसणारी घटमाला काही तासांनी पुन्हा पेटू शकते.

इतिहास : आगीचा धोका या घटाच्या इतिहासात प्रारंभापासूनच आहे. १९७०–८० या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी तयार केलेल्या घटात धातुरूप लिथियम होते. ते अतिशय विक्रियाशील असते. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडाचे धनाग्र शोधले आणि १९८५ मध्ये आकिरा योशिनो यांनी धातुरूप लिथियमाऐवजी कार्बनी पदार्थ वापरून घट बराच सुरक्षित केला. १९९१ मध्ये तो बाजारात आला. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तथापि विद्युत् विच्छेद्य ज्वलनशीलच राहिले.

घरगुती आगींचा प्रश्न न्यूयॉर्क शहरात विशेष तीव्र झाला. तेथे घरपोच अन्न पोहोचविणारे हजारो कामगार दाटीच्या वस्तीत राहत असून दिवसभराच्या कामासाठी त्यांना एकाहून अधिक घटमाला लागतात. स्वस्त, अप्रमाणित व जुने घट जोडून बनविलेल्या घटमालांचा वापर वाढला. २०१९ मध्ये अशा ३० आगींची नोंद झाली होती. २०२२ मध्ये ती संख्या २२० झाली. २०२३ मध्ये २६८ आगी लागून १८ माणसे मृत्युमुखी पडली. जून २०२३ मध्ये चायनाटाउन भागात दुरुस्तीच्या दुकानात लागलेल्या आगीत चौघे दगावले. दुकान तळमजल्यावर होते व मृत वरच्या मजल्यांवर राहणारे होते. २०२३ मध्ये तेथे प्रमाणित नसलेल्या साधनांच्या व जुन्या घटांपासून जुळविलेल्या घटमालांच्या विक्रीस बंदी झाली. २०२४ मध्ये आगींची एकूण संख्या कमी झाली नाही, पण मृतांची संख्या ६ वर आली. इमारतींच्या आतील आगी घटल्या होत्या.

भारतात २०२२ हे वर्ष निर्णायक ठरले. मार्चमध्ये वेल्लोर येथे घरी भारित होत असलेल्या स्कूटरच्या आगीच्या धुराने वडील व मुलगी गुदमरून मरण पावली. सप्टेंबरमध्ये सिकंदराबाद येथे स्कूटरच्या विक्रीकेंद्रातील आगीचा धूर वरच्या निवासगृहात शिरून ८ जण दगावले. त्याच महिन्यात वसई येथे घरात घटमालेचा स्फोट होऊन भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दगावला. त्याच वर्षी एआयएस १५६ या मानकात घटमालेची नियंत्रण-व्यवस्था, चार्जर, घटांमधील अंतर व तापनाचा प्रसार यांसंबंधीच्या अटी कडक करण्यात आल्या. त्या १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. तथापि दुरुस्तीवाल्याने बदललेल्या घटांवर किंवा भलत्याच चार्जरवर नव्या वाहनाच्या चाचणीचे नियंत्रण राहत नाही.

प्रतिबंधक उपाय : घटमालेसाठी उत्पादकाने नेमून दिलेलाच चार्जर वापरावा. वाहन चालवून आल्यावर घटमाला थंड होऊ द्यावी व मगच भारित करावी. झोपेत किंवा घरी कोणी नसताना भारण चालू ठेवू नये. गादी, सोफा व कपडे यांपासून ती दूर ठेवावी. फुगलेली, गळणारी, वास येणारी वा आदळलेली घटमाला वापरू नये. ती कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलन-केंद्रात द्यावी. जिना, बोळ व घराचे दार यांजवळ घटमाला भारित करणे सर्वांत धोक्याचे होय, कारण तेथील आग बाहेर पडण्याची वाटच अडविते. धूर किंवा फुसफुस आढळताच घटमालेला हात न लावता सर्वांनी बाहेर पडावे, शक्य असल्यास दार ओढून घ्यावे व अग्निशामक दलास कळवावे.

वरील दुर्घटनांतील बहुतेक मृत्यू आग कोठे लागली व वाट कशी अडली यांमुळे घडले. घट कितीही सुधारला, तरी तो ठेवण्याच्या जागेचा विचार गृहसुरक्षेत प्रथम करावा लागतो.