दोर कीं मोटार?

वाऱ्यासमोर दोर ओढला कीं पतंग वर चढतो, हें संक्रांतीस परभणीच्या गच्चीवरील मुलासहि ठाऊक असतें. इंजिनावांचून उडणारें ग्लायडर याच तत्त्वानें वर जातें. पुण्याजवळ हडपसर येथें विंच नामक यंत्रावर दोर गुंडाळून तें आकाशांत चढविण्याची पद्धत पडली. बिनतारी नियंत्रणानें उडणाऱ्या त्याच्या लहान प्रतिकृतींसाठीं प्रथम गडी दोर घेऊन धावे. पुढें तेंच काम विंचनें उचललें.

३० जून १९५७ रोजीं इंग्लंडांत कर्नल टॅप्लिन यांनीं बिनतारी नियंत्रणाचें छोटें विमान विजेच्या मोटारीवर उडविलें. कालांतरानें ही मोटार ग्लायडरच्या प्रतिकृतींतहि आली, आणि दोर व मदतनीस दोहोंची गरज सरली. परंतु दोराच्या लांबीनें उंचीस आपोआप मर्यादा पडे. मोटारीस ती कोण घालणार? बटण दाबतां उंची मिळूं लागली, तर हवेची पारख करण्याचें कसब कोण शिकणार?

आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या नियमांनीं याचें उत्तर दिलें. मोटार फार तर ३० सेकंद चालवावी. चढलेल्या प्रत्येक मीटरमागें २०० मीटरपर्यंत अर्धा गुण, व त्यापुढें तीन गुण कापावेत. त्यामुळें मोटार लवकर थांबवून, घारीप्रमाणें ऊन हवेच्या झोतावर तरंगत राहणाराच तेथें सरस ठरतो.