भोंगा वाजला, स्क्रीन बंद!

मघाशी फोन 'टिंग' वाजला, तेव्हा खिशात हात न घालताच तुम्हाला कळलं ना, मेसेज आलाय की रिमाइंडर? ही करामत मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे.

मोर्सच्या तारयंत्रात टिंब आणि रेघा कागदी पट्टीवर उमटायच्या. पण तारबाबू हुशार! यंत्राच्या नुसत्या 'कडकट्ट' आवाजावरून ते मजकूर उतरवून घ्यायला लागले. पट्टीची गरजच उरली नाही. पुढे टेलिप्रिंटरला घंटी आली. 1963 साली संगणकाची अक्षरं ठरवणारं आस्की कोड आलं, त्यातही 7 हा आकडा घंटीसाठी राखून ठेवला. त्याने काही छापलं जात नाही, फक्त आवाज होतो.

1980च्या दशकात विल्यम गेव्हरने ॲपलसाठी 'सॉनिकफाइंडर' बनवलं. त्यात फाइल मोठी असेल तर आवाज जाड यायचा. म्हणजे आवाजातून नुसती 'हाक' नाही, मापही कळायला लागलं. आज दृष्टिहीन मित्रमैत्रिणी वापरतात त्या एनव्हीडीए स्क्रीन रीडरमध्ये काम पुढे सरकेल तशी बीप चढत जाते.

आता साताऱ्यात कंदी पेढे घ्यायला जा. दुकानदाराचे दोन्ही हात गुंतलेले, पण काउंटरवरचा साउंडबॉक्स रक्कम बोलून दाखवतो. त्याला फोन बघावा लागत नाही. पण तुम्ही किती दिले, हे मागच्या गिऱ्हाइकालाही कळतं! आवाज एकट्याचा राहत नाही.

नेमकी हीच गोष्ट सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने उलटी वापरली. कोरोनात ऑनलाइन शाळेमुळे पोरांच्या हातात मोबाइल आला, तो सुटेना. मग 2022च्या ऑगस्टपासून गावाने ठरवलं: संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजणार, टीव्ही-मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग चालू. तो दीड तास अभ्यासाचा, वाचनाचा, घरच्यांशी बोलण्याचा.

बघा, दोन्हीकडे आवाजच आहे. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत, म्हणून दोन्ही चालतात. फरक एवढाच, की फोनची 'टिंग' कधी वाजावी हे बहुतेक वेळा ॲप बनवणारा ठरवतो. वडगावचा भोंगा गावाने बसून ठरवला.

तर आज सेटिंगमध्ये जा आणि एकदा बघा, तुमच्या फोनमधले किती आवाज तुम्ही स्वतः ठरवलेत? आकडा आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!