सिम भुल्लर

गुरसिमरन सिंग भुल्लर ऊर्फ सिम भुल्लर (जन्म: २ डिसेंबर १९९२, टोरोंटो, कॅनडा) हा भारतीय वंशाचा कॅनेडियन बास्केटबॉल खेळाडू आहे. तो सेंटर या स्थानावर खेळतो. त्याची उंची ७ फूट ५ इंच (सुमारे २२६ सेंमी) असून महाविद्यालयीन काळात त्याचे वजन ३६० पौंडांच्या (सुमारे १६३ किलो) घरात होते. अमेरिकेतील न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाच्या संघाकडून दोन हंगाम खेळल्यानंतर त्याने २०१४ च्या एन.बी.ए. ड्राफ्टसाठी नाव नोंदवले. मात्र त्या ड्राफ्टमध्ये त्याची निवड झाली नाही. पुढे एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज या संघाकडून तो मैदानात उतरला आणि एन.बी.ए.मध्ये सामना खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला.

== प्रारंभिक जीवन ==

भुल्लरचे आईवडील पंजाबमधून कॅनडात स्थायिक झाले होते. त्याचा धाकटा भाऊ तनवीर हाही सात फुटांहून उंच असून पुढे दोघे भाऊ एकाच विद्यापीठाच्या संघात खेळले. कॅनडातील होतकरू खेळाडूंनी शालेय वयातच सीमा ओलांडून अमेरिकेतील निवासी शाळांत जाणे त्या काळी रूढ झाले होते. त्याप्रमाणे भुल्लर प्रथम पेनसिल्व्हेनियातील किस्की स्कूल येथे आणि नंतर वेस्ट व्हर्जिनियातील हंटिंग्टन प्रेप येथे दाखल झाला. भुल्लरच्या मागोमाग याच हंटिंग्टन प्रेपमध्ये टोरोंटो परिसरातीलच अँड्र्यू विगिन्स आला. या दोन नावांची गाठ पुढे २०१४ च्या ड्राफ्टमध्ये पुन्हा पडते.

भुल्लरने आरंभी ओहायोतील झेवियर विद्यापीठाकडून खेळण्याचे मान्य केले होते. प्रत्यक्षात मात्र त्याने लास क्रूसेस येथील न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठात प्रवेश घेतला. २०११-१२ चा पहिला हंगाम त्याला मैदानाबाहेर राहून काढावा लागला. अमेरिकी महाविद्यालयीन नियमांनुसार असा हंगाम खेळाडूच्या चार वर्षांच्या पात्रतेतून वजा होत नाही.

== महाविद्यालयीन कारकीर्द ==

न्यू मेक्सिको स्टेटचा संघ ‘ॲगीज’ या नावाने ओळखला जातो. भुल्लरच्या काळात मार्विन मेन्झिस हे संघाचे प्रशिक्षक होते आणि संघ वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्समध्ये खेळत असे. या कॉन्फरन्सची गणना देशातील बलाढ्य कॉन्फरन्समध्ये होत नाही, ही गोष्ट भुल्लरच्या आकडेवारीचे मोल ठरवताना निवडकर्त्यांच्या मनात सतत राहिली.

२०१२-१३ च्या हंगामात त्याने सरासरी १०.१ गुण, ६.७ रिबाउंड आणि २.४ ब्लॉक अशी कामगिरी केली. कॉन्फरन्सचा सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. २०१३-१४ मध्ये ही सरासरी १०.४ गुण, ७.८ रिबाउंड आणि ३.४ ब्लॉक अशी सुधारली. २०१३ आणि २०१४ या दोन्ही वर्षी ॲगीजने कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली व दोन्ही वेळा स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान भुल्लरला मिळाला.

कॉन्फरन्स विजेता या नात्याने ॲगीजला एन.सी.ए.ए.च्या राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा स्थान मिळाले. दोन्ही वेळा संघाला तेरावे मानांकन होते आणि दोन्ही वेळा पहिल्याच सामन्यात त्याला पराभव पत्करावा लागला. २०१३ मध्ये सेंट लुईस विद्यापीठाने ॲगीजला ६४-४४ असे सहज हरवले. २०१४ मध्ये सॅन डिएगो स्टेटविरुद्धचा सामना अतिरिक्त वेळेपर्यंत गेला व ॲगीज ७३-६९ असे हरले. हा भुल्लरचा महाविद्यालयीन कारकिर्दीतील शेवटचा सामना ठरला.

== सेंटर म्हणून खेळशैली ==

सेंटर हा संघातील सामान्यतः सर्वांत उंच खेळाडू असतो. बास्केटची कडी जमिनीपासून १० फुटांवर असते. त्या कडीखालील रंगीत चौकोन सांभाळणे, प्रतिस्पर्ध्याचे फटके अडवणे आणि हुकलेले चेंडू हस्तगत करणे ही त्याची मुख्य कामे होत. भुल्लरचे बहुतेक गुण कडीच्या अगदी जवळून येत. त्याच्या हातांच्या आवाक्यामुळे चौकोनात शिरणाऱ्या खेळाडूला फटका मारण्याआधी वाट बदलावी लागे; हा परिणाम ब्लॉकच्या आकड्यांत पुरता उतरत नाही.

महाविद्यालयीन नियम अशा खेळाडूला अनुकूल होते. त्या काळी महाविद्यालयीन सामन्यात चढाई पूर्ण करण्यासाठी ३५ सेकंद मिळत, त्यामुळे संथ सेंटरला मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचण्यास उसंत मिळे. एन.बी.ए.मध्ये हीच मुदत २४ सेकंद आहे. त्याहून महत्त्वाचा फरक बचावाचा आहे. महाविद्यालयीन सामन्यात बचावपटू कडीखाली हवा तितका वेळ उभा राहू शकतो. एन.बी.ए.मध्ये मात्र २००१-०२ पासून लागू असलेल्या नियमानुसार, समोर अगदी जवळ प्रतिस्पर्धी नसेल तर बचावपटूला चौकोनात तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही. शिवाय तीन गुणांची रेषा महाविद्यालयीन मैदानावर २० फूट ९ इंचांवर होती, तर एन.बी.ए.मध्ये ती सर्वाधिक अंतरावर २३ फूट ९ इंच आहे. म्हणजे सेंटरला कडीपासून अधिक दूर येऊन, अधिक वेगाने आणि अधिक वेळा बचाव करावा लागतो. भुल्लरच्या पायांतील मंदपणा लास क्रूसेसमध्ये झाकला जात होता, एन.बी.ए.मध्ये तो उघडा पडणार, असा अंदाज बांधण्यास विशेष तज्ज्ञतेची गरज नव्हती.

== २०१४ चा ड्राफ्ट ==

एन.बी.ए. ड्राफ्ट ही नव्या खेळाडूंच्या निवडीची वार्षिक प्रक्रिया आहे. तीस संघांना दोन फेऱ्यांत मिळून साठ निवडी करता येतात. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूला ठरावीक वेतनश्रेणीनुसार हमीचा करार मिळतो, तर दुसऱ्या फेरीतील खेळाडूला अशी हमी नसते. २००५ मध्ये झालेल्या करारानुसार खेळाडूने वयाची १९ वर्षे पूर्ण करणे आणि अमेरिकेतील खेळाडूच्या बाबतीत शालेय शिक्षण संपून एक वर्ष लोटणे आवश्यक आहे.

भुल्लरची महाविद्यालयीन पात्रता अद्याप दोन वर्षांची शिल्लक होती. एप्रिल २०१४ मध्ये त्याने ती सोडून ड्राफ्टसाठी नाव दिले. तेव्हाच्या नियमांत या निर्णयाला परतीची वाट जवळजवळ नव्हती. नाव मागे घेऊन महाविद्यालयात परतण्याची एन.सी.ए.ए.ने ठरवलेली मुदत एप्रिलच्या मध्यावरच संपत असे, म्हणजे व्यावसायिक संघ खेळाडूंची चाचणी घेण्याच्या कितीतरी आधी. २०१६ पासून ही मुदत चाचणी शिबिरानंतर दहा दिवसांपर्यंत वाढवण्यात आली, त्यामुळे नंतरच्या खेळाडूंना आपली किंमत जाणून घेऊन परत फिरता येऊ लागले. भुल्लरला ती सोय मिळाली नाही.

२६ जून २०१४ रोजी ब्रुकलिन येथे ड्राफ्ट पार पडला. कॅनडासाठी तो दिवस असाधारण होता. पहिल्या क्रमांकावर क्लीव्हलँड कॅव्हलियर्सने विगिन्सला निवडले. आठव्या क्रमांकावर सॅक्रामेंटो किंग्जने मिसिसागाच्या निक स्टॉस्कसला आणि अठराव्या क्रमांकावर फिनिक्स सन्सने ब्रॅम्प्टनच्या टायलर एनिसला घेतले. साठ नावांत भुल्लरचे नाव आले नाही.

केवळ उंचीमुळे कोणी निवडले जात नाही, असे यावरून म्हणता येत नाही. याच ड्राफ्टच्या ४३ व्या क्रमांकावर अटलांटा हॉक्सने केप व्हर्देच्या ७ फूट ३ इंच उंचीच्या वॉल्टर तवारेसला निवडले. तवारेस अधिक हलका होता आणि स्पेनमध्ये व्यावसायिक सामने खेळलेला होता. दोन क्रमांक आधी, ४१ व्या स्थानी, डेन्व्हर नगेट्सने निकोला योकिच या सर्बियन सेंटरला घेतले होते. तोही फारसा वेगवान नव्हता. पण तो पास देणारा आणि दुरून फटके मारणारा सेंटर होता. पुढे तो तीन वेळा लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. सेंटरकडून संघांच्या अपेक्षा त्या सुमारास कशा बदलत होत्या, हे या दोन निवडींवरून दिसते. वर्षभरानंतर गोल्डन स्टेट वॉरियर्सने अंतिम फेरीत आपला सेंटर अँड्र्यू बोगट याला सुरुवातीच्या पाचांतून वगळून विजेतेपद मिळवले, तेव्हा हा बदल सर्वांच्याच लक्षात आला.

== सॅक्रामेंटो किंग्ज आणि रणदिवे ==

निवड न झालेला खेळाडू कोणत्याही संघाशी करार करण्यास मोकळा असतो. भुल्लर किंग्जच्या उन्हाळी संघात दाखल झाला आणि या संघाने लास व्हेगास येथील २०१४ ची उन्हाळी लीग जिंकली. १४ ऑगस्ट २०१४ रोजी किंग्जने त्याच्याशी करार केला.

किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी व हार्वर्ड येथे शिक्षण घेऊन त्यांनी टिबको ही सॉफ्टवेअर कंपनी स्थापन केली. आधी ते गोल्डन स्टेट वॉरियर्सचे सहमालक होते. मे २०१३ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखालील गटाने किंग्जचा बहुसंख्य वाटा विकत घेतला. त्या व्यवहारात संपूर्ण संघाचे मूल्य ५३ कोटी ४० लाख डॉलर धरण्यात आले होते. संघ सिॲटलला हलवला जाण्याची शक्यता यामुळे टळली. एन.बी.ए. संघाचा बहुसंख्य वाटा असलेले ते भारतीय वंशाचे पहिले मालक होत. भारतात बास्केटबॉलचा प्रसार व्हावा ही त्यांची जाहीर भूमिका होती. त्यामुळे भुल्लरचा करार हा खेळाडूच्या गुणवत्तेचा की भारतीय बाजारपेठेचा, अशी चर्चा तेव्हा झाली. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात; मात्र हंगाम सुरू होण्यापूर्वीच, ऑक्टोबरमध्ये, किंग्जने त्याला मुक्त केले, हेही या चर्चेत ध्यानात घ्यावे लागते.

== रीनो बिगहॉर्न्स ==

यानंतर भुल्लर किंग्जशी संलग्न असलेल्या रीनो बिगहॉर्न्स या संघाकडून डी-लीगमध्ये खेळला. डी-लीग ही एन.बी.ए.ची विकास लीग असून २०१७ पासून ती जी-लीग या नावाने ओळखली जाते. तेथील खेळाडूंचे वार्षिक मानधन तेव्हा एन.बी.ए.च्या किमान वेतनाच्या तुलनेत अत्यल्प होते.

योगायोग असा की, त्या हंगामात बिगहॉर्न्सचे प्रशिक्षक डेव्हिड आर्सेनो (धाकटे) हे होते. आयोवातील ग्रिनेल महाविद्यालयाच्या अतिवेगवान पद्धतीचे ते पुरस्कर्ते. सतत धावणे, शक्य तितक्या लवकर फटका मारणे आणि थोड्याथोड्या वेळाने खेळाडूंचा संपूर्ण गट बदलणे ही त्या पद्धतीची वैशिष्ट्ये होती. लीगमधील बहुधा सर्वांत अवजड सेंटर लीगमधील सर्वांत वेगवान संघात आला होता. तरीही भुल्लरने सरासरी १०.३ गुण, ८.८ रिबाउंड व ३.९ ब्लॉक अशी कामगिरी केली. फेब्रुवारी २०१५ मधील एका सामन्यात त्याने २६ गुण, १७ रिबाउंड आणि ११ ब्लॉक नोंदवले. गुण, रिबाउंड आणि ब्लॉक या तिन्हींत दोन अंकी आकडा गाठणे कोणत्याही पातळीवर दुर्मीळ मानले जाते.

== एन.बी.ए. पदार्पण ==

२ एप्रिल २०१५ रोजी किंग्जने भुल्लरशी दहा दिवसांचा करार केला. असे करार हंगामाच्या उत्तरार्धात, जखमी खेळाडूंची जागा भरण्यासाठी किंवा एखाद्याला आजमावून पाहण्यासाठी केले जातात. ७ एप्रिल रोजी सॅक्रामेंटो येथे मिनेसोटा टिंबरवूल्व्ह्जविरुद्धच्या सामन्यात शेवटची सुमारे १६ सेकंद उरली असताना, प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा गजर चालवलेला असताना, प्रशिक्षक जॉर्ज कार्ल यांनी त्याला मैदानात धाडले. दुसऱ्याच दिवशी युटा जॅझविरुद्ध त्याने आपले पहिले दोन गुण मिळवले. एन.बी.ए.मध्ये तो एकूण तीन सामने खेळला आणि ते दोन गुण हेच त्याचे एन.बी.ए.मधील एकमेव गुण राहिले.

== पुढील कारकीर्द ==

२०१५-१६ मध्ये भुल्लर टोरोंटो रॅप्टर्सशी संलग्न असलेल्या रॅप्टर्स ९०५ या नव्या संघाकडून खेळला. २०१६ मध्ये तो तायवानमधील डासिन टायगर्स संघात गेला. पुढे हसिन्चू लायनियर्स या संघाकडूनही तो खेळला. तायवानच्या लीगमध्ये परदेशी खेळाडूंची संख्या मर्यादित असल्याने संघ ती जागा बहुधा उंच सेंटरसाठी राखतात. भुल्लरला तेथे नियमित आणि दीर्घ वेळ खेळायला मिळाले, जे एन.बी.ए.मध्ये कधीच मिळाले नव्हते.

== भारतीय संदर्भ ==

भुल्लरच्या पदार्पणानंतर अडीच महिन्यांनी, २५ जून २०१५ रोजी, पंजाबमधील बरनाला जिल्ह्यातील बल्लो के गावच्या सतनाम सिंगला डॅलस मॅव्हरिक्सने ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडले. सात फूट दोन इंच उंचीचा सतनामही सेंटरच होता. लुधियानाच्या अकादमीत तयार होऊन तो फ्लोरिडातील आय.एम.जी. अकादमीत गेला आणि महाविद्यालयीन बास्केटबॉल न खेळता थेट ड्राफ्टमध्ये उतरला. दोघांची प्रसिद्धिमाध्यमांत अनेकदा गल्लत होते. भुल्लर हा एन.बी.ए.मध्ये खेळलेला, पण ड्राफ्टमध्ये न निवडला गेलेला भारतीय वंशाचा कॅनेडियन होय. सतनाम हा ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय, पण एन.बी.ए.चा एकही सामना न खेळलेला.

महाराष्ट्रात मुंबईतील नागपाडा हा भाग बास्केटबॉलसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एन.एस.सी.आय. डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात दोन पूर्वहंगामी सामने झाले. भारतात झालेले ते एन.बी.ए.चे पहिले सामने होत. पेसर्सने पहिला सामना अतिरिक्त वेळेत १३२-१३१ असा, तर दुसरा १३०-१०६ असा जिंकला. त्या वेळी किंग्जच्या चमूत भारतीय वंशाचा एकही खेळाडू नव्हता. २०२१ मध्ये पंजाबच्याच प्रिन्सपाल सिंगला किंग्जने उन्हाळी लीगच्या संघात घेतले. त्या वर्षीही ही लीग किंग्जनेच जिंकली.