मीटर काय म्हणतं?

आमच्या ऑफिसच्या लॉबीत एक काचेची पाटी आहे. ही इमारत 'ग्रीन' आहे असं त्यावर लिहिलंय. आत मात्र भर मे महिन्यात आम्ही स्वेटर घालून कोड लिहितो! परवा सहज तिथल्या मेंटेनन्सवाल्या काकांना विचारलं, "काका, महिन्याला युनिटं किती पडतात हो?" ते म्हणाले, "ते काय माहीत नाही बुवा, पण सर्टिफिकेट आहे ना आपल्याकडे."

मला एकदम ओबर्लिन आठवलं.

ओबर्लिन हे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं एक छोटं कॉलेज. स्थापना 1833 ची. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आणि मुलींना इतरांच्या कितीतरी आधी प्रवेश देणारं, त्यामुळे 'आधी आम्ही करून दाखवतो' हा बाणा तिथे जुनाच. 1990 च्या दशकात तिथले पर्यावरणाचे प्राध्यापक डेव्हिड ऑर यांनी एक साधा प्रश्न विचारला. पर्यावरण शिकवायचं, ते ऊर्जा उधळणाऱ्या इमारतीत बसून? इमारत हाच धडा का असू नये? विद्यार्थी, शिक्षक, गावकरी सगळे चर्चेला बसले. वास्तुविशारद होते विल्यम मॅकडोना. इमारत झाडासारखी असावी, म्हणजे उन्हावर जगणारी आणि पाणी शुद्ध करणारी, ही त्यांची कल्पना.

जानेवारी 2000 मध्ये अ‍ॅडम जोसेफ लुईस सेंटर सुरू झालं. साधारण 13,600 चौरस फूट. दक्षिणेकडून भरपूर ऊन आत येईल अशी रचना, जमिनीखालच्या स्थिर तापमानाचा उपयोग करणारे हीट पंप, आणि सांडपाणी झाडं व जिवाणूंकडून स्वच्छ करून पुन्हा फ्लशला वापरायची सोय. नोव्हेंबर 2000 मध्ये छतावर 60 किलोवॅटची सौर पॅनेलं बसली. ध्येय काय, तर वापरेल त्यापेक्षा जास्त वीज या इमारतीने तयार करावी. कौतुक तर विचारूच नका. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने तिला विसाव्या शतकातल्या 30 महत्त्वाच्या इमारतींत बसवलं.

आणि इथे गोष्टीत ट्विस्ट येतो. त्याच कॉलेजातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्कोफिल्ड यांनी विजेचा हिशोब मांडला. घरातलाच माणूस! त्यांचं म्हणणं, सुरुवातीच्या काळात इमारत सांगितल्यापेक्षा खूपच जास्त वीज खात होती. एक मोठं कारण म्हणजे विजेवर चालणारा बॉयलर. हीट पंप एक युनिट वीज घेऊन साधारण तीन युनिट उष्णता देतो, कारण तो उष्णता तयार करत नाही, ती फक्त उचलून आणतो. बॉयलर एकाला एकच देतो. कागदावर हीट पंप, आणि प्रत्यक्षात हा बकासुर. वाद झाला, तोही चारचौघांत.

मला विशेष आवडतो तो पुढचा भाग. सरकारी प्रयोगशाळेने (एनआरईएल) काही वर्षं मोजमाप केलं. कंट्रोल्स सुधारले, नको तेव्हा चालणाऱ्या गोष्टी बंद केल्या, वापर बराच खाली आला. नियमाप्रमाणे बांधलेल्या साध्या इमारतीपेक्षा ती नक्कीच सरस होती. तरीही छतावरची पॅनेलं गरजेच्या निम्म्याच्या आसपासच पुरवत होती. शेवटी 2006 मध्ये पार्किंगवर 100 किलोवॅटची आणखी पॅनेलं उभी राहिली, तेव्हा कुठे हिशोब जुळला. आता पार्किंगवरची वीज इमारतीच्या खात्यात धरायची का, यावर तुम्ही खुशाल भांडा :)

आपल्या भाषेत सांगायचं तर रिलीज झालं, प्रॉडक्शनमध्ये बग निघाला, लॉग तपासले, पॅच टाकला. फरक इतकाच, की इथे लॉग उघडे होते. त्याच कॅम्पसवर इमारतीचे आकडे पडद्यावर थेट दाखवण्याची पद्धत रुजली. 2005 मध्ये तिथल्या वसतिगृहांत वीज वाचवायची दोन आठवड्यांची स्पर्धा झाली. एकूण वापर 32 टक्क्यांनी घटला. ज्यांना क्षणाक्षणाचे आकडे दिसत होते त्यांचा 55 टक्क्यांनी, बाकीच्यांचा 31. नवीन भिंत नाही, नवीन काच नाही. फक्त आकडा दिसत होता (आणि बक्षिसाची आशा होती, तेही खरं).

स्कोफिल्ड तिथे थांबले नाहीत. 2013 मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या मोठ्या ऑफिस इमारती तपासल्या. 'लीड' प्रमाणपत्र मिळालेल्या इमारती एकूणात इतरांपेक्षा कमी ऊर्जा वापरतात असं त्यांना दिसलं नाही. प्रमाणपत्र बहुतेक वेळा नकाशावर आणि अंदाजावर मिळतं. बिल मात्र वापरावर येतं.

कुणी म्हणेल, मग ऑर चुकले का? मला नाही वाटत. त्यांनी स्वप्न पाहिलं नसतं तर स्कोफिल्डना मोजायला काय मिळालं असतं? आणि स्कोफिल्डनी मोजलं नसतं तर तो बॉयलर आणखी किती वर्षं तसाच जळत राहिला असता?

असो. पुढच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीवर सोलर बसवायचा ठराव आहे. मी बाजूनेच हात वर करणार आहे. पण त्याआधी सेक्रेटरींकडून कॉमन मीटरची गेल्या बारा महिन्यांची बिलं मागितली आहेत. ते जरा वैतागलेत माझ्यावर. बघू.