रचणारीचं नाव

महाड-पोलादपूरकडच्या कुठल्याही आजीला विचारा, जात्यावरची ओवी कोणी रचली? ती म्हणेल, “आमच्या आयेची गं, तिच्या आयेची.” ओवीत भाऊ असतो, माहेर असतं, विठोबा असतो. रचणारीचं नाव मात्र सापडत नाही. म्हणून आज आम्ही एका रचणारीबद्दल बोलणार आहोत, जिचं नाव राहिलं.

शास्त्रीय गाण्यात राग आणि तालात बांधलेल्या रचनेला बंदिश म्हणतात. शब्द थोडेच, दोन-चार ओळींचे. अठराव्या शतकात दिल्लीला मुहम्मदशाह बादशहाच्या दरबारातले नियामतखाँ आपल्या बंदिशींत ‘सदारंग’ हे नाव गुंफत. त्याला मुद्रा म्हणतात. त्यामुळे ती बंदिश कोणाची, हे आजही कळतं. अशा जुन्या मुद्रांमध्ये बाईचं नाव क्वचितच भेटतं.

प्रभाताई अत्रे यांचा जन्म पुण्याचा, १३ सप्टेंबर १९३२ चा. घरात गाण्याची परंपरा नव्हती. आई आजारी असायची. गाणं शिकलीस तर बरं वाटेल, असं कुणीतरी सुचवलं म्हणून घरी शिकवणी लागली. आईचं शिकणं थोड्याच दिवसांत थांबलं. शेजारी बसून ऐकणारी लेक मात्र शिकत राहिली. पुढे किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने आणि त्यांच्या भगिनी हिराबाई बडोदेकर तिचे गुरू झाले. प्रभाताईंनी विज्ञानाची आणि कायद्याचीही पदवी घेतली. काही वर्षं आकाशवाणीत काम केलं. १९७९ ते १९९२ या काळात मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभाग सांभाळला.

गुरूंकडून आलेल्या बंदिशी त्या गायल्याच, पण स्वतःच्याही रचल्या. मारुबिहाग आणि कलावती रागांतल्या त्यांच्या बंदिशी ध्वनिमुद्रिकेवरून घरोघरी पोचल्या. अपूर्व कल्याण, मधुरकंस असे नवे रागही त्यांनी बांधले. आणि आपल्या रचना ‘स्वरांगिनी’, ‘स्वरंजनी’ अशा पुस्तकांतून छापून ठेवल्या. २०२२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. १३ जानेवारी २०२४ रोजी त्या गेल्या, पण रचना नावासकट राहिल्या.

आमच्या गटातल्या एकीकडे आजीच्या गाण्यांची वही होती. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी घरात शिरलं आणि वही चिखलात गेली. आजी आधीच गेलेली. आता त्यातली तीनच गाणी आम्हाला येतात, तीही अर्धीमुर्धी.

म्हणून एवढंच सांगणं. गौरीच्या फेरात, हळदीला, जात्यापाशी जी म्हातारी गाणं सांगेल, तिचा आवाज मोबाईलवर घ्या. गाणं वहीत उतरवा. खाली तिचं पूर्ण नाव, माहेर, सासर लिहा. वही एक नको, दोन करा, आणि दुसरी वरच्या वाडीतल्या मैत्रिणीकडे ठेवायला द्या.