वरच्या श्रेणीची किंमत : आयडाहो आणि बॉइसी स्टेट

अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने १९७३ मध्ये आपल्या सदस्य संस्थांची तीन विभागांत वाटणी केली आणि १९७८ मध्ये, केवळ अमेरिकन फुटबॉलपुरती, पहिल्या विभागाचीही ‘एक-ए’ आणि ‘एक-डबल-ए’ अशी फोड केली. या दोन श्रेणींनाच २००६ पासून एफबीएस आणि एफसीएस म्हणतात. दूरचित्रवाणीच्या पैशावर आणि नियम ठरवण्याच्या मतदानावर लहान विद्यापीठांचा वाटा राहू नये, ही मोठ्या विद्यापीठांची इच्छा या फोडीमागे होती. पुढे १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणहक्कांवरील एनसीएएची मक्तेदारी मोडीत काढली, तेव्हा हे हक्क विद्यापीठांच्या आणि त्यांच्या ‘कॉन्फरन्स’च्या, म्हणजे आपसांत साखळी सामने खेळणाऱ्या विद्यापीठसमूहांच्या, हाती गेले. त्यामुळे वरची श्रेणी मिळवणे आणि त्या श्रेणीतील पैसा मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

श्रेणी बदलताच वाढणारा खर्च मात्र निश्चित होता. खालच्या श्रेणीत ६३ शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम अनेक खेळाडूंत विभागून देता येत असे, तर वरच्या श्रेणीत १९९० च्या दशकापासून ८५ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि स्पर्धेत टिकायचे तर ती जवळजवळ गाठावीच लागे. शिक्षणात लिंगभेदास मनाई करणारा १९७२ चा ‘टायटल नाइन’ कायदा महिला खेळाडूंनाही शिष्यवृत्त्यांत यथाप्रमाण वाटा मागत असल्याने, पुरुषांच्या फुटबॉलवरील वाढीव खर्चामागोमाग महिलांच्या खेळांवरील खर्चही वाढवणे भाग पडे. त्यात प्रशिक्षकांचे वेतन, लांबचे प्रवास आणि मैदानांचा विस्तार यांची भर पडे.

या हिशेबाचे दोन टोकांचे निकाल एकाच राज्यात पाहायला मिळतात. बॉइसी स्टेट आणि आयडाहो ही विद्यापीठे १९७८ मध्ये बिग स्काय कॉन्फरन्ससह खालच्या श्रेणीत होती आणि १९९६ मध्ये दोघांनीही वर जाऊन बिग वेस्ट कॉन्फरन्समध्ये प्रवेश केला. बॉइसी हे राजधानीचे शहर असल्याने तेथे प्रेक्षक आणि देणगीदार जवळ होते. आयडाहो विद्यापीठ मात्र मॉस्को या लहान गावात होते आणि त्याच्या छताखालील किबी डोम या मैदानात सुमारे १६,००० प्रेक्षकच बसू शकत. वरच्या श्रेणीच्या प्रेक्षकसंख्येच्या निकषांसाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून काही हंगाम त्याला आपले ‘घरचे’ सामने शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथे खेळावे लागले.

बिग वेस्टने २००० च्या हंगामानंतर फुटबॉल बंद केला, तेव्हा बॉइसी स्टेटला पश्चिमेकडील वॅक कॉन्फरन्सने घेतले, तर आयडाहोला लुइझियाना आणि टेनेसीपर्यंत पसरलेल्या सन बेल्ट कॉन्फरन्सचा आसरा घ्यावा लागला. बॉइसी स्टेटने २००७ च्या फिएस्टा बाउल या हंगामाअखेरच्या मोठ्या सामन्यात ओक्लाहोमा विद्यापीठाला ४३-४२ असे हरवले आणि पुढे ते माउंटन वेस्ट कॉन्फरन्समध्ये गेले. आयडाहो २००५ मध्ये वॅकमध्ये आले, पण २०१२ नंतर वॅकमधील फुटबॉलच संपल्याने ते एक हंगाम कोणत्याही कॉन्फरन्सविना राहिले आणि पुन्हा सन बेल्टकडे वळले. सन बेल्टने २०१६ मध्ये पुढील करार नाकारला, तेव्हा विद्यापीठाने खाली उतरण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षी संघाने नऊ सामने जिंकले, तरी २०१८ मध्ये आयडाहो एफबीएसमधून स्वेच्छेने एफसीएसमध्ये परतणारे पहिले विद्यापीठ ठरले. मैदानावरील यशाने कॉन्फरन्सची उणीव भरून निघत नाही, हे या घटनेने सिद्ध केले.

ज्यांना दूरचित्रवाणीचा मोठा वाटा मिळत नाही, अशा विद्यापीठांचे उत्पन्नाचे मार्ग मोजके आहेत. पहिला मार्ग हमी-सामन्यांचा, म्हणजे बलाढ्य संघाच्या मैदानावर ठरलेल्या रकमेच्या मोबदल्यात खेळण्याचा : खालच्या श्रेणीतील अॅपलाचियन स्टेटला २००७ मध्ये मिशिगनकडून ४ लाख डॉलर मिळाले, तर २०१४ मध्ये वर चढलेल्या जॉर्जिया सदर्नला २०२२ मध्ये नेब्रास्काने १४ लाखांहून अधिक डॉलर दिले. दुसरा आणि अधिक भरवशाचा मार्ग विद्यार्थ्यांकडून सक्तीने घेतल्या जाणाऱ्या क्रीडाशुल्काचा आहे. व्हर्जिनिया राज्याने २०१५ मध्ये या शुल्काला कायद्याने मर्यादा घातली, परंतु एफबीएसमधील लहान कॉन्फरन्सच्या विद्यापीठांना क्रीडाखर्चाच्या ५५ टक्क्यांपर्यंत आणि एफसीएसमधील विद्यापीठांना ७० टक्क्यांपर्यंत भार शुल्कातून भागवण्याची मुभा त्या कायद्यातही राहिली.

एनसीएएने २०२३ मध्ये श्रेणीबदलाचे अर्जशुल्क ५,००० डॉलरवरून ५० लाख डॉलरवर नेले. प्रवेशाची किंमत अशी हजारपट झाली, तरी ती एकदाच द्यायची असते. आयडाहोला जड गेला तो दर हंगामाचा खर्च. कॉन्फरन्सचा आधार पक्का नसताना हा खर्च उचलायचा असेल, तर तो अखेरीस सामना पाहायलाही न जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या शुल्कपावतीवर चढतो, आणि म्हणून श्रेणीबदलाच्या प्रत्येक प्रस्तावात त्या विद्यार्थ्याचा हिशेब सर्वांत आधी मांडला गेला पाहिजे.